शकांची शस्त्रं बघायला कझाकस्तान: इस्सिक सोपं, बेसशातीर अंगावर येणारं

अल्माटीला ‘शक योद्ध्याचं सोनेरी चिलखत’ बघायला निघाला असाल तर दोन गोष्टी आत्ताच मनातून काढा. एक, ते चिलखत नाही. दोन, काचेमागे उभा आहे तो ‘सोनेरी माणूस’ मूळ नाही, प्रतिकृती आहे. शहरातल्या मध्यवर्ती राज्य संग्रहालयात प्रतिकृती, इस्सिकच्या संग्रहालयात प्रतिकृती, चौकातल्या स्तंभावर तर पुतळाच. सहल विकणारे ‘ओरिजिनल’ म्हणतात तेव्हा जागेबद्दल बोलतात की वस्तूबद्दल, हे मुद्दाम मोघम ठेवतात.

आता खरं काय ते. शक म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवरच्या प्राचीन भटक्या घोडेस्वार टोळ्या. अल्माटीच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर इस्सिक गावाजवळ १९६९ साली एक कुर्गान, म्हणजे दफनाचा टेकाड, खणला गेला. उंची ६ मीटर, व्यास ६०. कामाची सूत्रं केमाल आकिशेव यांच्याकडे. मधली कबर चोरांनी जुन्या काळीच साफ केली होती, पण बाजूची एक त्यांच्या हातून सुटली. तिच्यात सोळा ते अठरा वर्षांचा देह आणि सोन्याचे चार हजारांहून जास्त तुकडे. ते तुकडे म्हणजे कपड्यावर टाचलेला पातळ पत्रा. मिरवायचा पोशाख तो, लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही. लढाईचं चिलखत वेगळं असायचं: चामड्यावर लोखंडाचे नाहीतर ब्राँझचे छोटे खवले, प्रत्येक खवला खालच्यावर चढलेला, भोकांतून वादीनं ओवलेला. कौलारू छपरासारखी रचना, फक्त घोड्यावर वाकता येईल अशी.

इस्सिकला जाताना फसायची जागा एकच, पण हमखास. गावाचं आजचं कागदोपत्री नाव येसिक. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘इस्सिक’ सांगितलंत तर तो तुम्हाला वर डोंगरातल्या तळ्यावर नेतो, आणि सहलवाल्याला सांगितलंत तर तो इस्सिक-कुल सरोवराचा भाव सांगतो, जे शेजारच्या किर्गिझस्तानात आहे. संग्रहालय हवं असेल तर नकाशावर पिन टाकून तीच दाखवा. जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे पैसे निघण्याआधी एकत्र ठरवा. थांबण्याचे वेगळे असं परतताना कळलं की घासाघीस करायला जागाच उरत नाही. विमानतळाबाहेर बॅगेला हात घालणाऱ्यांशी बोलूच नका, ॲपवरून गाडी बोलवा. भावात दुपटीतिपटीचा फरक पडतो. डोंगरातलं ते तळं छान आहे, वेळ असेल तर बघा.

संग्रहालयात सोनं बघून लगेच बाहेर पडू नका. कोपऱ्यातल्या काचेत हिरवट पडलेली ब्राँझची बाणटोकं असतात, बहुतेक जण त्यांच्यासमोर दहा सेकंदही थांबत नाहीत. खरं शस्त्र ते आहे. बोटाच्या दोन पेरांएवढं, तीन पात्यांचं. दोन प्रकार शेजारी ठेवून बघा: एकाला मागे नळी असते, तिच्यात काडी खुपसायची, दुसऱ्याला शेपटी असते, ती काडीत खुपसायची. नळीचा प्रकार साच्यात ओतून शेकड्यांनी काढता येतो, पण नळी अरुंद असल्यामुळे काडीचं टोक तासून बारीक करावं लागतं आणि आदळल्यावर बाण नेमका तिथेच मोडतो. शेपटीच्या प्रकारात काडी चिरते, म्हणून वरून दोरा गुंडाळून सरसानं बांधावी लागते. काही जुन्या टोकांच्या नळीवर बाजूला एक वाकडा काटा दिसेल. बाण उपटला की तो मांस फाडत बाहेर येतो. विषाचं वर्णन ग्रीकांनी करून ठेवलंय: सापाचं विष, कुजलेलं रक्त. विष नसतं तरी त्या काट्यानं काम झालंच असतं.

शकांचे भाऊबंद सिथियन, त्यांच्या काळ्या समुद्राकडच्या काही कबरींत एकेका भात्यात शंभराहून जास्त बाण निघाले आहेत. यावरून लढाईची पद्धत कळते. नेम धरून एक बाण सोडायचा असं काम नव्हतं. टोळी जवळ यायची, घोडा न थांबवता बाणांचा पाऊस पाडायची आणि वळून पळता पळता मागेही मारायची. भाता आणि धनुष्याची पिशवी एकच, डाव्या कमरेला, धनुष्य दोरी चढवलेलंच आत. पलीकडे उजव्या मांडीवर आकिनाकेस नावाची आखूड तलवार, खाली पट्ट्यानं मांडीला बांधलेली, म्हणजे धावत्या घोड्यावर ती हापटत नाही.

(आपल्याकडचा धागा हवा असेल तर क्षत्रप नहपानाची नाणी आठवा. हे शकच, खाली सिंध-गुजरातमार्गे आपल्यापर्यंत आलेले. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली, बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारून पुन्हा चालवलेली. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण. इस्सिकच्या त्या कोपऱ्यातल्या काचेशी उभं राहून हे आठवतं.)

पाट्यांचा वैताग वेगळा सांगायला हवा. बऱ्याच पाट्या कझाक आणि रशियनमध्ये आहेत आणि मोबाइलचं भाषांतर इथे तोंडघशी पाडतं. रशियनमध्ये ‘लूक’ म्हणजे धनुष्य, आणि ‘लूक’ म्हणजे कांदासुद्धा. त्यामुळे ‘लाकडी कांद्याचे अवशेष’ असं काही दिसलं तर घाबरू नका. ‘चेकान’ म्हणजे कुदळीसारख्या चोचीचा लढाईचा परशू, ॲप त्याचं नाणी पाडणं करून ठेवतं. चोच बारीक असते, कारण ती कवटीला भोक पाडायलाच घडवलेली. अल्ताईतल्या पाझिरिकच्या दुसऱ्या कुर्गानातल्या सरदाराच्या डोक्यावर याच हत्याराचे घाव आहेत. कझाकमध्ये धनुष्याला ‘सादाक’, बाणाला ‘झेबे’, खंजिराला ‘कांझार’. शेवटचा शब्द मराठी माणसाला शिकवायला नको.

सगळ्यात घातक पाटी ‘रिकिबीच्या आकाराची’ अशी भाषांतरित होते. ती रिकीब नव्हे! घोड्याच्या तोंडात घालायच्या लगामाच्या दांडीची टोकं रिकिबीसारखी दिसतात, एवढंच. शकांकडे रिकीब नव्हतीच, ती त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी आली. खोगीर म्हणजे गवत-केस भरलेल्या दोन उशा. त्यावर मांड्यांच्या पकडीनं बसायचं आणि वळून मागे बाण मारायचा. हे समजलं की पर्यटकांसाठीचे ‘भटक्या योद्ध्यांचे’ खेळ बघवत नाहीत. रिकिबीत पाय रोवून उभे राहणारे स्वार, वाकड्या तलवारी, कानापर्यंत ओढलेली लांब धनुष्यं. यातलं काहीही शकांचं नाही, मध्ययुगातलं आहे. घोडेस्वारी म्हणून उत्तम, शक म्हणून शून्य. जास्तीचे पैसे ‘शक कार्यक्रम’ या नावासाठी मागत असतील तर देऊ नका.

धनुष्य हाताळायला मिळतं तिथे जरूर हाताळा, पण आधी विचारा की आत फायबरग्लास आहे का. बहुतेक ठिकाणी असतंच. शकांचं धनुष्य आखूड, मधे आत दबलेलं, टोकं पुढे वळलेली. आत लाकूड, पोटाकडे शिंग, पाठीकडे जनावराच्या स्नायूंचे धागे, सगळं सरसानं चिकटवलेलं. दोरी चढवायची रीत कुल-ओबा या सिथियन कुर्गानातल्या सोनं-चांदीच्या मिश्रधातूच्या पेल्यावर कोरलेली आहे (क्रिमियात केर्चजवळ १८३० साली मिळाला, आता सेंट पीटर्सबर्गला आहे): बसलेला माणूस धनुष्य एका मांडीखालून आणि दुसरीवरून घेऊन वाकवतो. उभ्यानं करायचं तर उजवा पाय दोरी आणि धनुष्याच्या मधून घाला, खालचं टोक डाव्या पायाच्या घोट्यापुढे अडकवा, मूठ उजव्या मांडीच्या मागे टेकवा, धनुष्याचा वरचा भाग पुढे रेटा आणि डाव्या हातानं दोरीचा फास सरकवा. चूक एकच होते आणि महागात पडते: रेटताना धनुष्याचा वरचा भाग बाजूला पिळला जातो. पिळलेलं धनुष्य ओढल्यावर उलटतं, दोरी निसटते, टोक तोंडावर येतं. फास खाचेत दोन्हीकडे सरळ बसलाय का हे बघितल्याशिवाय ओढू नका.

आता बेसशातीर. नावाचा अर्थ पाच तंबू. इली नदीच्या उजव्या काठाला, अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यानात. एकतीस कुर्गान, सगळ्यात मोठा १०४ मीटर व्यासाचा आणि १७ मीटरच्या आसपास उंच, भोवती उभ्या शिळांचं कडं. आकिशेव यांनीच १९५७ पासून इथे खोदकाम केलं. दगडांच्या ढिगाखाली ओंडक्यांची घरं निघाली, तिएनशानच्या स्प्रूस झाडांची, आणि आसपास तर असं एक झाड नाही. ओंडके नदीपलीकडच्या डोंगरांतून आणलेले.

जायलाच हवं. पण रस्ता भिकार आहे. भिकार हा शब्द जपूनच वापरलाय.

अल्माटी ते कोनाएव (जुनं नाव कापचागाय) उत्तम. पुढे सारियोझेकवरून बासशी गावापर्यंत डांबर आहे, तिथे उद्यानाच्या कार्यालयात परवाना आणि पावती घ्या. त्यानंतर नदीच्या दिशेनं कच्चा रस्ता लागतो, तो सगळा पन्हाळीच्या पत्र्यासारखा आडव्या लाटांचा. ताशी २५ वर दात वाजतात, ६० वर गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगते म्हणून चालक ६० पकडतात. आणि मधेच कोरड्या ओढ्यांचे आडवे चर येतात, लांबून दिसत नाहीत. ६० नं त्यात गेलं की रिम वाकते, नाहीतर शॉकअब्सॉर्बर जातो. डांबर सोडतानाच टायरची हवा पस्तिसावरून सव्वीसच्या आसपास उतरवा, परत भरायचा पंप गाडीत आहे ना ते बघा. जादा टायर एक नव्हे, दोन. माणशी पाच लिटर पाणी. पेट्रोल बासशीवर सोडू नका, आधीच टाकी भरा. फोनला रेंज मिळेल असं धरूच नका, नकाशा आधी उतरवून ठेवा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर सरळ रद्द करा. तिथली चिकणमाती ओली झाली की चारचाकी जोर असलेली गाडीही साबणावर घसरल्यासारखी आडवी होते. सेदानवाला ‘जाते की’ म्हणेल. जात नाही.

मुख्य लबाडी भावात आहे. ‘अल्तिन-एमेल’ म्हणून ठरवलेल्या गाडीत फक्त गाणारी वाळूची टेकडी धरलेली असते. बेसशातीरचे पैसे आत गेल्यावर, जिथून चालत परत येणं शक्य नाही तिथे मागितले जातात. त्याहून वाईट म्हणजे वाटेतल्या कुठल्यातरी चारदोन टेकाडांपाशी गाडी थांबवून ‘हेच बेसशातीर’ सांगितलं जातं. या भागात टेकाडांना तोटा नाही. ओळख सोपी आहे: मोठा कुर्गान पाच मजली इमारतीएवढा आहे, तो दिसला नाही तर तुम्ही बेसशातीरला नाही. ठरवताना नाव कागदावर लिहून घ्या, पिन दाखवा, आणि अर्धे पैसे परतल्यावर.

टेकाडावर चढू नका. दगड सुटे आहेत, फटीत साप असतात, आणि ती कबर आहे. पायथ्याशी दक्षिणेला तोंड करून उभे राहा. इथल्या टोकदार टोप्यांच्या शकांवर इराणचा राजा दारयवहू (डेरियस) इ.स.पू. ५१९ मध्ये चालून आला होता, अशी बऱ्याच अभ्यासकांची मांडणी आहे. त्यांचा सरदार स्कुंखा इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावरच्या शिल्पात दोरीनं बांधलेला, ती उंच टोपी घातलेला दिसतो. काळ्या समुद्राकडच्या सिथियन भाऊबंदांनी मात्र त्याच राजाला पुढे सहासात वर्षांनी दमवून परत पाठवलं: लढायचंच नाही, मागे सरायचं, विहिरी बुजवायच्या, गवत नष्ट करायचं. इथलं सपाट, निपाण्याचं मैदान बघितलं की पायदळाचं काय झालं असेल ते आपोआप समजतं. त्यांच्याकडे टायर नव्हते, पण पाण्याचा हिशोब हाच होता.

जायचे महिने एप्रिलअखेर ते मे आणि सप्टेंबर. जुलैत ऊन चाळिशीला जातं. तेरा घोड्यांची कबर मिळालेलं पूर्वेकडचं बेरेल पहिल्या खेपेला धरू नका, सीमाभागाचा परवाना वेगळा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टला कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, त्यात इस्सिक आणि बेसशातीर आरामात बसतं.

खरेदीचं शेवटी. जुन्या बाजारात ‘खरी’ बाणटोकं मिळतात. नकली असली तर पैसे पाण्यात, खरी असली तर पुराणवस्तू देशाबाहेर नेल्याचा गुन्हा. दोन्हीकडून मरण. शिंग आणि सरसाचं धनुष्य घेण्याचा मोह झालाच तर तुमचं घर मुंबई-कोकणात आहे की औरंगाबाद-सोलापूरकडे याचा विचार करा. कोकणातल्या जुलैत सरस मऊ पडतो, पाठीवरचे स्नायूंचे धागे सुटतात आणि धनुष्य भिंतीवर टांगल्या टांगल्या वाकडं होतं. फायबरग्लासचं घ्या.