बागेतला पर्जन्यमापक: बसवणं, वाचणं आणि पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पर्जन्यमापक बागेत ठेवायचा तो या एका हिशेबासाठी. ‘काल चांगला पाऊस झाला’ एवढ्यावर पाणी बंद करायचं की नाही, हे ठरत नाही. काल बारा मिलिमीटर झाला म्हटलं की ठरतं.

उपकरण कोणतं घ्यावं यापेक्षा ते ठेवायचं कुठे, यावर मी जास्त वेळ घालवतो. भिंत, झाड किंवा कुंपण जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. चौपट मिळालं तर उत्तम. तीन मीटरच्या भिंतीपासून सहा मीटर लांब. लहान बागेत एवढं अंतर क्वचितच मिळतं. मग त्यातल्या त्यात मोकळी जागा निवडायची आणि पुन्हा हलवायची नाही, म्हणजे आकडा थोडा कमी-जास्त आला तरी महिन्याची महिन्याशी तुलना करता येते. झाडाखाली ठेवला तर आधी पानं पाऊस अडवतात आणि सर ओसरल्यावरही थेंब टपकत राहतात. वळचणीजवळ तर पागोळ्याच मोजल्या जातात.

तोंडाची कड जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटर वर ठेवतो. खाली हिरवळ असावी. फरशीवर थेंब आपटून उसळतात आणि भांड्यात शिरतात, तिथे उंची वाढवावी लागते. पण उंची वाढवली की वाराही वाढतो, थेंब तोंडावरून तिरपे निघून जातात आणि नोंद कमी येते. गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या मापकाचा आकडा म्हणूनच फसवा असतो. खांबाला लावायचा असेल तर कड खांबाच्या माथ्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर तरी वर हवी आणि माथा तिरका कापलेला हवा, नाहीतर खांबावर आपटलेलं पाणीही आत उडतं. कड समतल आहे का, ते स्पिरिट लेव्हल दोन दिशांना आडवी ठेवून पाहायचं. पावसाळ्यात माती बसते, म्हणून हे अधूनमधून तपासावं लागतं.

घरी बनवायचा तर दोन लिटरची सरळ अंगाची बाटली खांद्यापाशी कापून वरचा भाग उलटा आत बसवतात. तोंड आणि अंग सारख्याच व्यासाचं, म्हणून साधी पट्टी चिकटवली तरी मिलिमीटर मिळतात. अडचण बुडाची आहे: ते खळग्याखळग्यांचं असतं. खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. उघडीप असली की हे पाणी उडतं आणि शून्य खाली सरकतं, म्हणून रोज वाचून झाल्यावर ते खुणेपर्यंत आणायचं. रिकामी बाटली वाऱ्याने आडवी होते; ती जड कुंडीत खोचावी, पण बाटलीची कड कुंडीच्या वर राहिली पाहिजे.

मला स्वतःला पट्टीपेक्षा वजनकाटा बरा वाटतो. उभ्या काठाचं नरसाळं, खाली कोणतीही बाटली. नरसाळ्याचा आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी घ्यायची, कारण प्लास्टिकची कड क्वचितच अगदी गोल असते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे दर मिलिमीटरला ७.८५ ग्रॅम पाणी. बाटलीत १५७ ग्रॅम भरलं तर पाऊस २० मिलिमीटर. व्यास एक मिलिमीटरने चुकला तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकतं, त्यामुळे इथे घाई नको.

वाचन रोज सकाळी एकाच वेळी. नळी असेल तर डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा; पाणी काचेच्या कडेने किंचित वर चढलेलं असतं, पण वाचायची ती मधली खालची पातळी. मग भांडं पूर्ण रिकामं करायचं. एखादा दिवस चुकला तर दोन दिवसांची बेरीज तशीच लिहावी, निम्मी-निम्मी वाटू नये. नरसाळ्याच्या भोकात पानं, मुंग्या, कोळ्याचं जाळं अडकतं आणि पाणी वरच साचून सुकतं. तिथे ढोबळ जाळी टाकतो. बारीक जाळी स्वतःच थेंब धरून ठेवते.

आपोआप नोंद करणाऱ्या यंत्रात तराजूसारखी डुलणारी छोटी वाटी असते. ती भरली की कलंडते आणि एक नोंद होते. मुसळधार सरीत वाटी कलंडतानाही पाणी पडतच असतं, म्हणून आकडा कमी भरतो. भर पावसात यंत्र शून्य दाखवू लागलं तर बहुतेकदा भोक तुंबलेलं किंवा वाटी अडकलेली असते. शेजारी साधा मापक असला की हे लगेच लक्षात येतं.

आता आकड्याचं करायचं काय? वाफ्याला आठवड्याला २५ मिलिमीटर हा माझा ढोबळ अंदाज. रेताड मातीत आणि कडक उन्हात जास्त. आठवड्यात १० पडला असेल तर उरलेले १५ म्हणजे चौरस मीटरला १५ लिटर. पण सगळा पाऊस मुळांपर्यंत जात नाही. दोन-तीन मिलिमीटरची भुरभुर पानांवर आणि आच्छादनावरच संपते, ती मी धरत नाही. अर्ध्या तासात ४० मिलिमीटर कोसळला तर बराचसा वाहून जातो. अशा वेळी खुरप्याने बोटभर खोल उकरून ओल पाहावी.

कुंड्यांचा हिशेब वेगळा. तीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीवर दहा मिलिमीटर पावसात जेमतेम ७०० मिलिलिटर पाणी पडतं, आणि दाट पानांचं झाड असेल तर त्यातलं बरंचसं कुंडीच्या बाहेर ओघळतं. भर पावसाळ्यातही काही कुंड्या कोरड्या सापडतात, त्या यामुळे.

तुषार नळीचं पाणी मोजायलाही हीच रीत. उभ्या काठाचे सारखे पाच-सहा डबे वाफ्यात पसरून ठेवायचे, पाणी पंधरा मिनिटं चालू ठेवायचं आणि प्रत्येकातली खोली मोजायची. सरासरीला चारने गुणलं की तासाचे मिलिमीटर मिळतात. एका डब्यात तीन आणि दुसऱ्यात नऊ आले, तर वेळ वाढवण्याआधी तोटीची जागा बदलावी.