दिवसाला एक टोपण पाणी

४ एप्रिल

जेवणं उरकली, ओटा पुसला आणि टोनरची डायरी काढून बसले. दरवर्षी याच तारखेला काढते. डायरी म्हणजे एकूण नऊ नोंदी, चार ते बारा एप्रिल १९४३. कुठे दोन ओळी, कुठे चार. ज्या दिवशीची नोंद त्याच दिवशी वाचायची, पुढचं पान उलटायचं नाही, असं मी स्वतःला घालून घेतलं आहे. शेवट पाठ असूनही.

रॉबर्ट टोनर हा अमेरिकी बॉम्बर विमानाचा सहवैमानिक. विमान बी-२४ लिबरेटर, नाव 'लेडी बी गुड', तळ लिबियातलं सोलुक. आत नऊ जण, आणि या नऊ जणांची ही पहिलीच मोहीम. रविवार होता. ट्युनिशियात लढणाऱ्या जर्मन-इटालियन फौजेची रसद नेपल्स बंदरातून जायची, म्हणून त्या बंदरावर बॉम्ब टाकायला विमानं निघाली. निघतानाच वाळूचं वादळ. इंजिनांत वाळू जाऊन काही विमानं अर्ध्यातून परतली. हे गेलं. नेपल्सजवळ पोहोचेपर्यंत अंधार पडला, खालचं काही दिसेना. तेव्हा माघारी वळले, बॉम्ब समुद्रात सोडून दिले आणि एकटेच घराकडे निघाले.

मध्यरात्रीनंतर साधारण बारा मिनिटांनी वैमानिक विल्यम हॅटनने रेडिओवर लिबियातल्याच बेनिना तळाच्या केंद्राला दिशा विचारली. केंद्राने सांगितली: ३३० अंश, म्हणजे तुम्ही आमच्या वायव्येला, समुद्राच्या बाजूला आहात. यंत्राने चूक केली नव्हती. त्याच्या अँटेनाला विमान कोणत्या रेषेवर आहे एवढंच कळायचं. त्या रेषेच्या या टोकाला की त्या, हे कळायचं नाही. रात्री शिवारात हाक ऐकू यावी आणि ती ओढ्याच्या अलीकडून आली की पलीकडून हे समजू नये, तसं. विमान तळावरून केव्हाच पुढे निघून गेलं होतं. तळावरून सोडलेले प्रकाशबाण त्यांना दिसले नाहीत. अमावास्येच्या सुमाराची रात्र. खाली काळं दिसत होतं, तो समुद्रच आहे असं धरून ते आणखी दोन तास वाळवंटावरून उडत राहिले.

टोनरची पहिली नोंद या सगळ्याची आहे. परतताना वाट चुकलो, इंधन संपलं, उड्या मारल्या, रात्री दोन वाजता वाळवंटात उतरलो. कुणाला फार लागलेलं नाही. जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत.

५ एप्रिल

जॉन म्हणजे जॉन वोराव्का, बॉम्ब टाकण्याचं काम असलेला. आजच्या नोंदीतही तो आहे: वायव्येकडे चालायला लागलो, जॉन अजून नाही. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. तो जमिनीवर पडला तेव्हाच संपला. बाकीच्या आठ जणांना हे कधीच कळलं नाही. माणूस मागे राहिला आहे ही टोचणी घेऊन ते चालत होते.

थोडंसं खाणं, अर्धी बाटली पाणी. दिवसाला माणशी एक टोपण.

दरवर्षी मी इथे अडकते. रिकामं विमान पुढे आपोआप उडत गेलं आणि सुमारे २६ किलोमीटरवर पोटावर घसरत उतरलं. मागचा भाग मोडला, पण बाकीचं जवळजवळ धड राहिलं. त्यात पाणी होतं, खायला होतं, आणि रेडिओ. सोळा वर्षांनी माणसं तिथे पोहोचली तेव्हाही थर्मासमधलं पेय पिण्याजोगं होतं, मशीनगन चालत होत्या, रेडिओही चालला. हे सगळं दक्षिणेला, आणि आठ जण चालले वायव्येला.

त्यांची चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही. समुद्र जवळ असेल, घर त्या बाजूला, हे त्यांना माहीत होतं त्याप्रमाणे बरोबरच होतं. विमान कुठे पडलं हे त्यांना कसं कळणार? किनारा सातशे किलोमीटर दूर आहे हे तरी कुणी सांगणार होतं? नकाशा आपल्यापुढे उघडा आहे, म्हणून आपण शहाणे. नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट ठरवणाऱ्या, हेझला दोष देणारं काही वाचलं की मला वाईट वाटतं. तोही बाकीच्यांबरोबर तेच एक टोपण पीत चालला होता.

६ एप्रिल

पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. रात्रभर. दुपारी साडेअकरापासून पाचपर्यंत उन्हात पडून राहायचं, कारण सावली कुठेच नाही. दुपारला टोनरने नरक म्हटलंय. एकही विमान दिसलं नाही, हेही लिहिलंय.

विमानं निघाली होती शोधायला. ती भूमध्य समुद्रावर घिरट्या घालत होती.

८ एप्रिल

काल काही लिहिलं नाही. टोनरचीही कालची नोंद छोटी आहे: सगळे अशक्त होत चालले, सतत प्रार्थना. आज ते वाळूच्या टेकड्यांत शिरले. कलानशिओचा वाळूसमुद्र. रेडिओवाल्या लामॉटची दृष्टी गेली, बाकीच्यांचे डोळेही खराब झाले.

आज मला थोरल्या आईबद्दल लिहायचं आहे. ही डायरी मी का काढते, ते तिच्यामुळे.

थोरली आई म्हणजे माझ्या आजोबांची वहिनी. तिचा नवरा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होता, लिबियातच. जून १९४२ मध्ये तिथलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा ही बटालियन तिथे होती. पुष्कळ जण कैद झाले आणि लढाईनंतर घरी आले. हा आला नाही. कैद्यांच्या यादीत नाव नाही, मेलेल्यांच्या यादीत नाही. तार आली, ती शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. एकच शब्द कामाचा होता: बेपत्ता.

बारा वर्षं झाल्यावर भावकीने सांगितलं, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, दिवस घाला, म्हणजे सुटेल. ती म्हणाली, "मानूस यायचं असंल तर येईल. म्या पुतळा जाळायची न्हाय." मी लहान असताना ती सत्तरीच्या घरात होती. कपाळावर आडवं कुंकू, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. हळदीकुंकवाला काही बायका तिला कुंकू लावताना घुटमळायच्या. ती त्यांच्या हातातून करंडा घेऊन स्वतःच लावून घ्यायची.

तिला नेमकं काय ठाऊक होतं? दिशासुद्धा नाही. पश्चिमेकडे, एवढंच. संध्याकाळी ओसरीवर बसायची ती मावळतीकडे तोंड करून, आणि घरात कुणी तिला त्याबद्दल विचारायचं नाही.

म्हणून नेपल्सहून न परतलेल्या नऊ जणांच्या घरांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मिशिगन, ओहायो, इलिनॉय, कुठकुठली गावं. सोळा वर्षं त्यांनी आपली माणसं समुद्राच्या तळाशी धरली होती. कुणी समुद्र पाहिला की कुठे बघत असेल!

९ एप्रिल

आज तिघं वेगळे झाले. शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. बाकीचे पाच जागेवरच. हॅटन, टोनर, हेझ, लामॉट, ॲडम्स. सगळ्यांना मरावंसं वाटतंय, असं टोनरने लिहिलं आहे. रात्री पारा ३५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड-दोन अंश. निवारा नाही, पाच जणांत एक पॅराशूट.

या पाच जणांनी शंभर किलोमीटरच्या वर चाल केली होती. १९५९ मध्ये अमेरिकी वायुदलाने शोध घेतला तेव्हा त्यांच्या वाटेवर बूट सापडले, पॅराशूटच्या पट्ट्या सापडल्या, मागून येणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून दगडाखाली दाबून ठेवलेल्या. महिनोन्‌महिने शोधूनही माणसं सापडली नाहीत. एवढ्याशा पाण्यावर ते इतके पुढे गेले असतील असं शोधणाऱ्यांना वाटलंच नाही.

त्या पट्ट्यांशी मी फार वेळ थांबते. आपल्यामागून कुणीतरी येणार आहे, ही त्यांची खात्रीच होती म्हणायची.

१० एप्रिल

दोन-चार पक्षी दिसले, एवढं एक वेगळं आहे आजच्या नोंदीत. पुण्यात आज उकाडा. माठ दोनदा भरला.

१२ एप्रिल

काल त्याने लिहिलं होतं: पाणी असतं तर निभावलं असतं. जीभ टेकवण्यापुरतं उरलं आहे.

आज शेवटचं. अजून मदत नाही. रात्र फार थंड.

तारीख आहे, वार आहे. हात चालत होता तोवर त्याने वार चुकवला नाही.

पुढचं मी भराभर लिहिते. नोव्हेंबर १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या माणसांना हवेतून विमान दिसलं. फेब्रुवारी १९६० मध्ये तेलवाल्यांनाच पाच जण एका जागी सापडले, आणि टोनरच्या अंगावर ही डायरी. मे महिन्यात शेली आणि रिपस्लिंगर. पाच जणांपासून शेली तीसएक किलोमीटर पुढे गेला होता, रिपस्लिंगर चाळीसच्या वर. त्याच्याजवळही डायरी होती. वाळूतून बाहेर पडायची आणि पाण्याची धडपड अजून चालू आहे, असं त्याचं शेवटचं म्हणणं. ऑगस्टमध्ये जॉन. टोनर पहिल्या दिवसापासून ज्याला शोधत होता तो सगळ्यांत शेवटी मिळाला. व्हर्नन मूर मिळाला नाही.

विमानाचे अवशेष १९९४ मध्ये वाळवंटातून उचलून तोब्रुकजवळच्या हवाई तळावर नेऊन ठेवले. तोब्रुक हे नाव तिथे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून पाणी प्याले होते.

त्या रात्रीच दादांना फोन करून सगळं सांगितलं होतं. ते थोरल्या आईच्या मांडीवर वाढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, डायरी त्या पोराच्या घरी पोहोचली का? वाळवंटात पडून राहिली नाही, लोकांनी वाचली, सगळ्यांना कळलं, असं मी सांगितलं. "मग बरं झालं," म्हणाले. "म्हातारीला तेवढं जरी मिळालं असतं."

आता ते सत्त्याऐंशीचे आहेत. कानाला कमी येतं, पण एप्रिलमधला हा फोन ते विसरत नाहीत. आज मी लावायच्या आत त्यांचाच आला.

"तो एक राहिलेला, सापडला का गं?"

"नाही दादा, अजून नाही."

"बरं," म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मीही ठेवला नाही.