न चमकणारी बाटली

28 फेब्रुवारी, विज्ञान दिन. लॅबने मला घाटंजी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत डेमो द्यायला धाडलं, कारण काय तर मी तिकडचा अन् मला वऱ्हाडी येते. बॅगेत क्वांटम डॉटच्या, म्हणजे उजेड टाकला की चमकणाऱ्या अतिबारीक कणांच्या, सीलबंद बाटल्या. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला की कॅडमियम सेलेनाइडचा 2 नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा दिसतो, 6 च्या आसपासचा लाल, पदार्थ तोच फक्त साइज वेगळी, अन् याच कणांवर 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रुस, एकिमोव्ह यांना, वगैरे माझं पाठ झालेलं भाषण. पोरं खुश.

शेवटची बाटली लेड सल्फाइडची, काळपट. टॉर्च मारला, काहीच नाही. आठवीतली एक पोरगी म्हणते, "सर, हे तं फेल हाय." म्हटलं ही 950 नॅनोमीटर तरंगलांबीला चमकते, इन्फ्रारेड, डोळ्याले दिसत नाही. तं मागून शाळा समितीचे काकाजी, गावातले किराणावाले, "दिसत नाय तं चमकते कायवरून म्हनता जी?"

आता काय सांगता! मग आठवलं, काकाजीच्या दुकानात सीसीटीव्ही आहे. निघाली सगळी वरात तिकडे. शटर खाली ओढलं, टक् आवाज होऊन कॅमेरा नाइट मोडला गेला, त्याच्या स्वतःच्या एलईडींवर काळी टेप लावली, अन् टीव्हीच्या रिमोटचं पुढचं काळं प्लास्टिक उचकटून लेन्ससमोर धरलं, ते दिसणारा उजेड अडवतं पण इन्फ्रारेड जाऊ देतं. टॉर्च मारला. मॉनिटरवर बाटली पांढरीफट्ट!

"टॉर्चचाच उजेड असन थो," पोरगी. म्हणून शेजारी नुसत्या टोल्युइनची, म्हणजे डॉट ज्या द्रवात असतात त्याची, बाटली ठेवली, तिच्यावर तोच टॉर्च. ती काळीच. (आमच्या सेमिनारमध्येही एवढं कोणी धरत नाही.)

"पन कामाचं काय हे?" काकाजी. बाहेर ग्रामपंचायतीच्या फायबरची नाली खोदून होती, तीच दाखवली. काचेच्या फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सगळ्यात कमी वाया जातो, किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल, म्हणून एका डॉटमधून एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकच कण, काढणारे लोक त्याच इन्फ्रारेडच्या मागे लागलेत, कारण असा एकेकटा फोटॉन वापरून पाठवलेली गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायचा गुप्त आकडा) मधात कोणी वाचायला गेलं तर ते उघडं पडतं. अन् एकच आहे हे कसं ओळखायचं? अर्धा उजेड आरपार सोडणारा आरसा, दोन बाजूंना दोन डिटेक्टर, दोन्ही एकदम वाजायला नको. काकाजी लगेच, "एक रुपया दोन खिशात एकदम पडत नाय, असंच ना?" असंच.

तोवर काकी रिमोट मागायला आल्या, सिरियलची वेळ झालती. मी खाली बसून प्लास्टिकला फेविक्विक लावत होतो तं पोरगी डोक्यावर उभी, "सर, एकच फोटॉन या कॅमेऱ्यात दिसन का?" म्हटलं नाही बाई, त्याला उणे 270 डिग्रीच्या आसपास थंड केलेल्या बारीक तारेचा डिटेक्टर वापरतात.

"मंग थो कधी आनता?"