पडकं देऊळ, एकटा माणूस

सहलीचा बेत दोन आठवडे आधी ठरला की माणसं वाढतात, माणसं वाढली की जेवणाच्या वेळा ठरतात, आणि जेवणाच्या वेळा ठरल्या की पडकी देवळं यादीतून गळतात. त्यात गैर काही नाही. मूर्ती बहुधा नसते, असली तर तिला नाक नसतं; प्रसाद नाही, चहाची टपरीही नाही. अशा जागी ‘अजून थोडा वेळ थांबू’ असं चारचौघांना किती वेळा म्हणणार? तिथे एकट्यानंच जावं, आणि आदल्या रात्री ठरवून जावं.

लोणार त्यासाठी फार सोयीचं. छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याहून मेहकरच्या वाटेला लागायचं आणि सुलतानपूरला लोणारकडे वळायचं. मेहकरहून तर ते जवळच. उल्केच्या धडकेनं बेसॉल्टमध्ये पडलेला हा खड्डा १.८ किलोमीटर रुंद आणि साधारण दीडशे मीटर खोल आहे. बहुतेक लोक काठावर उभं राहून फोटो काढतात, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं त्याची आठवण काढतात आणि परततात. देवळं मात्र खाली आहेत, झाडीत, तळ्याच्या कडेनं.

उतरायचं ते गोमुखाच्या धारेजवळून. स्टँडवर उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी विचारून घ्यावी, कारण दिवसाचा सगळा हिशोब तिच्यावर. सकाळी लवकर उतरावं. खड्ड्यात वारा लागत नाही, त्यामुळे दुपारी चढताना जीव नकोसा होतो. दोन लिटर पाणी, पूर्ण पँट (वेड्या बाभळीचे काटे साध्या चपलेला जुमानत नाहीत), एक काठी आणि टॉर्च. अत्तर, सेंट काही नको. पडक्या शिखरांना आणि छज्जांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि उग्र वास त्यांना खपत नाही. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, म्हणून वर कोणाला तरी सांगून उतरावं आणि उन्हं कलायच्या आत वर यावं. एकट्यानं जाणं निराळं, बेफिकीर जाणं निराळं.

वाटेत कुमारेश्वर लागतं, खाली रामगया. दक्षिण काठाला कमळजादेवी, तिथे नवरात्रात जत्रा भरते. वाघ महादेव, शंकर-गणेश ही बाकीची देवळं कडेकडेनं. तळ्याची पूर्ण फेरी चारेक किलोमीटरची; पण अलीकडे पाणी चढलेलं असलं की वाट बुडते. तेव्हा हट्टानं चिखलातून जाऊ नये. काठावरची पांढरी खपली कोरडी दिसते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तोही तिथलाच.

आता देऊळ. धडधाकट देवळात डोळा मूर्तीवर आणि नक्षीवर जातो. ते कसं उभं आहे, हा प्रश्नच पडत नाही. पडकं देऊळ आपली कुंडली उघडी टाकून बसलेलं असतं. जिथे भिंत ढासळली आहे तिथे आधी जावं. बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड आणि मधे गोट्यांची भर, हे तिथे उघड दिसतं. घडीव दगडांच्या सांध्यांत चुना नाही, नुसतं वजनावर आणि खाचांवर काम. पडलेल्या खांबाच्या तोंडावर मधोमध बरेचदा खळगा किंवा उंचवटा सापडतो. एकात एक बसवायची ती जागा.

मग पडलं कसं? आक्रमणाचं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार असतं आणि काही ठिकाणी ते खरंही असतं. पण पावसाचं खातंही मोठं आहे. वरच्या फटीतून पाणी भरीत उतरतं, भर खाली बसते, बाहेरच्या दगडांना रेटते आणि भिंतीला पोट सुटतं. त्यात पाखरानं टाकलेलं पिंपळाचं बी. मुळं ओल शोधत भरीत शिरतात. झाड नुसतं छाटलं तर ते पुन्हा फुटतं; मूळ मेलंच तर ते कुजतं, पोकळी राहते आणि पुढच्या पावसाळ्यांत तो भाग बसतो.

छत बघताना मान वर करण्याआधी तुळया बघाव्यात. दगड वजन झेलतो, पण वाकणं त्याला सोसत नाही. तुळई खालच्या अंगानं, मधोमध तडकते. खांब एवढे जवळजवळ का, याचं उत्तर हेच. तडकलेल्या तुळईखाली उभं राहून फोटो काढू नये. टॉर्च नक्षीवर समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरावा, झिजलेल्या बोटांच्या रेषासुद्धा उठून येतात. गाभाऱ्यात वटवाघळं असतील तर उजेड जमिनीवर ठेवावा आणि नाकाला रुमाल.

रानात दिशा चुकली तर देवळाच्या कडेनं फिरावं. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असलं की अभिषेकाचं पाणी बाहेर टाकणारी पन्हळ बहुधा उत्तरेच्या भिंतीत सापडते.

अशा प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांचा मंत्री होता. अंबरनाथचं देऊळ शके ९८२, म्हणजे १०६० चं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी लोक त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. भांडण्यात अर्थ नाही.

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ शेवटी ठेवावं. ते विष्णूचं, चांदणीसारख्या आराखड्याचं, बरंच शाबूत आणि बाहेरून भरगच्च कोरलेलं. आधी ते बघितलं तर खालची पडकी देवळं फिकी वाटतात. उलट क्रमानं गेलं की भिंतीच्या प्रत्येक कोनाला आत काय भरलंय ते माहीत असतं, छताचं वजन कुठून कुठे उतरतं ते कळतं, आणि नक्षीकडे वळायला अंमळ उशीर होतो. एसटी स्टँड तिथून लांब नाही.