आधी उंदेरी, मग खांदेरी

नऊ वर्षं मी एका क्रूझ जहाजाच्या गॅलीत स्वयंपाकी होतो. घर अलिबाग तालुक्यात, थळपासून सायकलने वीस मिनिटांवर. लहानपणापासून समुद्रात दोन काळी बेटं दिसायची. जवळची ठेंगणी ती उंदेरी, मागची उंच, दिव्याची, ती खांदेरी. ती कशाची बनली आहेत हे विचारावंसं कधी वाटलं नाही. ते मला कळलं अटलांटिक महासागरात, लांझारोटे नावाच्या बेटावर.

कॅनरी बेटांपैकी हे एक. आमचं जहाज अर्रेसिफे बंदराला लागलं की आम्हाला काही तासांची सुट्टी मिळायची. एकदा तिघे मिळून ‘कुएवा दे लॉस वेर्देस’ या लाव्हाच्या गुहेत गेलो. दुधावर साय धरते तसा वाहत्या लाव्ह्याचा वरचा थर आधी थंड होऊन कडक होतो. आतला रस मात्र वाहतच राहतो, आणि तो निघून गेला की मागे बोगदा उरतो. ला कोरोना ज्वालामुखीपासून समुद्रापर्यंत हा बोगदा सुमारे सहा किलोमीटर आहे, आणि शेवटचा तुकडा तर थेट समुद्राच्या तळाखाली शिरतो. त्यातला साधारण एक किलोमीटर भाग पाहुण्यांना दाखवतात. चाचे आले की गावकरी याच गुहांत लपून बसत. शेवटी एक अशी जागा येते की पाय आपोआप थबकतात. ती काय आहे ते बाहेर सांगू नका, असं वाटाड्याने सगळ्यांना बजावलं, म्हणून मीही सांगत नाही.

पण माझ्या मनात राहिली ती भिंत. काळा, खरबरीत, बारीक छिद्रांचा दगड. हात लावल्याबरोबर वाटलं, हा तर आपल्या विहिरीचा दगड. वाटाड्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, “बेसाल्ट आहे. तुमच्या देशात पश्चिमेला याचे डोंगरच्या डोंगर आहेत.” त्या रात्री बंकवर पडून मी तेच वाचत बसलो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आपला सह्याद्री त्याचाच, आणि आमची दोन बेटंही त्याच खडकाची.

नोकरी सोडून घरी आलो आणि ठरवलं, भाचीला खांदेरी दाखवायची. ती नववीत आहे, भूगोल तिचा आवडीचा. घरापासून इतकी जवळ असून आम्हा दोघांपैकी कुणीच तिथे गेलेलं नव्हतं.

आता हे कसं जमवलं ते सविस्तर सांगतो, कारण आमच्या पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. पहिल्यांदा रविवारी दहाला किनाऱ्यावर पोचलो, तर पाणी आत गेलेलं आणि होड्या गाळात बसलेल्या. दुसऱ्या वेळी वारा होता, कुणी निघायलाच तयार नव्हतं. बेटावर दीपगृह आहे, म्हणून परवानगीची चौकशीही केली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. दोन आठवडे त्यातच गेले. त्यामुळे ही चौकशी सगळ्यात आधी उरकून घ्या.

शेवटी मार्ग काढला एका नाखव्याने. त्याने मला मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक बाजूला ठेवायला लावलं आणि बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. “आधी उंदेरी, मंग खांदेरी,” तो म्हणाला. “पानी उतरलं का उंदेरीला होरी लागत नाय.” खांदेरीला धक्का आहे, उंदेरीला नाही. सगळा बेत या एका गोष्टीवर ठरतो, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मार्गशीर्षातल्या एकादशीला सकाळी सातला निघालो. लाइफ जॅकेट दोघांनीही घातली. ती नसतील तर होडीत पाऊल ठेवू नये. उंदेरीला नाखव्याने होडी खडकाला टेकवून धरली आणि लाट वर आली तेव्हा “आता!” म्हणून ओरडला. उडी मारली. खडकावर शेवाळ आणि कालवांची शिंपलं, ब्लेडसारखी धारदार. चप्पल घालून इथे येऊच नये, तळ जाड असलेले बूट हवेत. भाचीचा हात नुसता टेकला तरी तळव्यावर दोन लाल रेघा उमटल्या. तटाजवळ तिने दगडातली पांढरी टिपकी दाखवली. लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे, आणि नंतर त्यात साठलेले स्फटिक. हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

उंदेरीवर अर्धा तासच थांबलो. झाडी इतकी माजली आहे की आत शिरणं कठीण. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. त्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी तिथे पाय रोवून होता, मुंबईकर इंग्रजांची गलबतं अडवायला आली तरी काम थांबलं नाही. मग पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने समोरची उंदेरी बळकावून तटबंदी उभारली. मधल्या पाण्यातून जाताना दोन्ही तट एकाच वेळी दिसतात आणि ही चुरस नीट समजते.

खांदेरीवर मात्र निवांत फिरता येतं. वेताळदेवाला नाखव्याने नारळ वाढवला, आम्हीही पाया पडलो. चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा अजून जागेवर आहेत, 1867 चं दीपगृह आहे. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचं नाव आहे, याचा मला फार आनंद आहे.

आणि तिथला तो वाजणारा दगड. आजूबाजूच्या दगडांसारखाच काळा, पण लहान दगडाने ठोकला की पितळेच्या पातेल्यासारखा वाजतो. लोकांनी वर्षानुवर्षं ठोकून त्यावर खळगे पडले आहेत, आणि प्रत्येक खळग्याचा सूर थोडा वेगळा. शेजारचा दगड ठोकून पाहिला, नुसतं ठक्क. घट्ट, एकजीव दगड जमिनीवर थोडक्याच ठिकाणी टेकलेला असला की तो घंटेसारखा थरथरतो, एवढं मी वाचलं होतं. भाचीने खाली वाकून दगडाला कान लावला आणि म्हणाली, “मामा, आता हळू मार.” मी मारला. ती बराच वेळ तशीच राहिली. मग आमची अदलाबदल झाली. कान लावल्यावर आवाज संपला तरी गुणगुण चालूच असते. लांझारोटेच्या गुहेत मी हात लावला होता, कान लावला नव्हता.

धक्क्यावरून नाखव्याने हाक मारली तेव्हा पाण्याने कातळाची ओली कडा बरीच उघडी टाकली होती. थळला पोचेपर्यंत होडी आत येईना, शेवटची साठ-सत्तर पावलं आम्ही गुडघाभर गाळातून चाललो. मागून नाखवा बोटं मोजत होता, पुढच्या एकादशीला किती दिवस आहेत ते. भाचीने त्याला विचारलं होतं.