१६ वर्षांनी पुन्हा सायकलवर: दम उतारासाठी राखून ठेवा

डोंगरवाटेचा चढ संपला तेव्हा वाटलं, आता सुटलो. घरातून निघताना ज्याची धास्ती होती ते साडेनऊ किलोमीटर आणि ३८० मीटरची चढण मागे पडली होती. वेळ लागला १ तास ५० मिनिटं. सायकल झाडाला टेकवली, बाटलीतलं उरलंसुरलं पाणी संपवलं आणि मित्राला म्हटलं, "आता काय, नुसतं उतरायचं." तो काही बोलला नाही.

पाचच मिनिटांत त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर सीटवर बसून उतरता येत नाही. पॅडलवर उभं राहावं लागतं, गुडघे आणि कोपर वाकवून. माझ्या मांड्यांत उभं राहण्याचं त्राणच उरलं नव्हतं. सगळं बळ मी चढावर खर्चून बसलो होतो. दिवसभरातल्या जवळपास प्रत्येक चुकीचं मूळ इथेच होतं, म्हणून आधी हेच सांगतोय.

माझी अवस्था सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून पाहता येईल. वय ४४, वजन ९१ किलो, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढला की धाप. सायकल सोडून १६ वर्षं झालेली. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मी दाखवलं, आणि त्यामुळे चढावर छाती धडधडली तेव्हा घाबरलो नाही.

तयारी म्हणून तीन आठवडे सपाट रस्त्यावर सायकल चालवली, आठवड्यातून तीनदा, ३०-४० मिनिटं. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच वेग. हे बरोबर होतं, पण कमी पडलं. सहा आठवडे द्यायला हवे होते, आणि मुख्य म्हणजे त्यात उभं राहण्याचा सराव हवा होता. तुम्ही रोज थोड्या उठाबशा काढा. सपाट रस्त्यावरही दर दहा मिनिटांनी पॅडल थांबवून अर्धा मिनिट वाकलेल्या गुडघ्यांवर उभे राहा. दिसायला किरकोळ वाटतं, पण उतारावर याचाच आधार असतो.

आता सायकल. माझी जुनी सायकल बाहेर काढली तर टायरच्या बाजूंना चिरा, ब्रेकचे रबर दगडासारखे कडक, गिअरची वायर गंजून अडकलेली. जुनी सायकल डोंगरात न्यायची असेल तर या तीन गोष्टी आधी बघा. मी भाड्याने घेतली: फक्त पुढे सस्पेन्शन (हादरे शोषणारी स्प्रिंग, चढावर बंद करता येते), २९ इंची चाकं, तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच दातेरी चाक आणि मागे १२ गिअर. नवख्यासाठी अशी साधी सायकल पुरेशी आहे. पुढचे गिअर गेल्यामुळे डोक्याचा एक ताप कमी झाला.

भाड्याच्या सायकलच्या टायरमध्ये बहुतेक वेळा हवा जास्त असते. माझ्या सायकलमध्ये ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती आणि पहिल्या खडकाळ पट्ट्यात चाक चेंडूसारखं उडत होतं. मित्राने पुढे २६ आणि मागे २९ वर आणली आणि जमीन धरल्यासारखी वाटली. हे आकडे ९१ किलो वजन आणि २.३५ इंच रुंद ट्यूबलेस टायरचे आहेत. वजन कमी असेल तर हवा अजून थोडी कमी चालते. आत ट्यूब असेल तर मात्र दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात.

सीटची उंची: पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. ही उंची चढासाठी. उताराला सीट खाली घ्यायची असते, त्यामुळे सीटच्या दांड्याचा खटका हाताने उघडतो का, हे निघण्याआधीच पाहून घ्या.

पहिले दोन किलोमीटर सोपे होते आणि तिथेच माझा दिवस बिघडला. हवा थंड, अंगात उत्साह, मित्र पुढे. त्याला गाठायला जोर लावला. तिसऱ्या किलोमीटरला थांबलो तेव्हा बोलता येत नव्हतं. एकदा असा दम फुटला की पुढचा तासभर तो पूर्णपणे परत येत नाही. पहिली २० मिनिटं इतकी हळू चालवा की सोबत्याला कंटाळा यावा. सोबती चांगला असेल तर थांबेल. माझा थांबला.

खड्या चढाची काही तंत्रं मला वर पोचेपर्यंत जमली. गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. पाय जोर लावत असताना बदलला की चेन कडकडते, कधी उतरते. सीटच्या पुढच्या टोकाशी सरका, कोपर खाली, छाती हँडलकडे. मागे बसलात तर पुढचं चाक उचलतं, उभे राहिलात तर सुट्या खडीत मागचं चाक नुसतं फिरतं. नजर चाकासमोरच्या दगडावर नको, तीन-चार मीटर पुढे हवी.

आणि सायकल ढकलायची लाज सोडा. माझ्या सायकलला पुढे ३२ दाते होते, मागच्या सर्वांत मोठ्या चाकाला ५१. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ५ किलोमीटर. हा चालण्याचाच वेग आहे! तेवढ्याच वेगासाठी छाती फुटेस्तोवर पॅडल मारण्यापेक्षा उतरून चालणं शहाणपणाचं. पाच ठिकाणी मी हट्टाने बसून राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी उतारासाठीचा दम थोडा थोडा गमावत गेलो. ढकलताना सायकलच्या डाव्या बाजूला राहा, चेन उजवीकडे असते. एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या मागे. बूट तळाला थोडे वाकणारे हवेत.

पाणी मी एक लिटर नेलं होतं, ते माथ्यावर संपलं. तीन तासांच्या फेरीला दोन लिटर न्या आणि तहान लागायची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्या. दीड तासापेक्षा जास्त चालवणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मी माथ्यावर पोचेपर्यंत काहीच खाल्लं नाही. हातपाय थरथरत होते ते त्यामुळेही.

आता पुन्हा उताराकडे. पहिले ८०० मीटर मला हँडलवर एवढे हादरे का बसतायत ते कळेना. मग लक्षात आलं, चढावर बंद केलेलं सस्पेन्शन उघडायलाच विसरलो होतो. थकलेलं डोकं असंच करतं. माथ्यावर थांबलात की तीन गोष्टी हाताने करून मगच निघा: सस्पेन्शन उघडा, सीट खाली घ्या, दोन्ही ब्रेक दाबून बघा.

दोन्ही पॅडल जमिनीपासून सारख्या उंचीवर, वजन पायांवर, हात हलके, ब्रेकवर एकेकच बोट. हे सगळं मला माहीत होतं. पण मांड्या जळायला लागल्या की माणूस सीटवर बसतो, बसला की वजन हातांवर येतं, हात भरले की बोटं ब्रेक सोडत नाहीत. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाकडासारखा कडक झाला होता. बाराव्या किलोमीटरला मुरमाचं एक वळण आहे. तिथे वळणाच्या ऐन मध्यात पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर पडलो. वेग कमी होता म्हणून कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावलं. हेल्मेटबद्दल मला कधीच शंका नव्हती. आता पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅडही वापरतो.

पुढचा ब्रेक वाईट नाही, सर्वांत जास्त तोच थांबवतो. पण वेग वळणाआधी, चाक सरळ असताना कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. सतत अर्धवट दाबून ठेवण्यापेक्षा दाबा, सोडा, दाबा. माउंटन बाइकिंग जिथे आकाराला आलं त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली उताराच्या शर्यती सुरू झाल्या. तेव्हाच्या जुन्या सायकलींना मागच्या चाकाच्या आत ब्रेक असे. एका फेरीत तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि ती पुन्हा भरावी लागे. शर्यतीचं 'रिपॅक' (पुन्हा भरणं) हे नाव त्यावरूनच पडलं. आजचे डिस्क ब्रेक कितीतरी चांगले आहेत, पण तेही सतत दाबून ठेवले तर तापतात, आणि त्याआधी तुमचे हात संपतात. दर चार-पाच मिनिटांनी थांबून हात झटका. तीन टप्पे मी चालत उतरलो. त्यातल्या एकाचंही वाईट वाटलं नाही.

सामानात जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप आणि चेन तोडायची सोय असलेलं हत्यार असू द्या. कुठे जाताय आणि कधी परतणार, ते घरी सांगा. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यायची, आणि पायी चालणाऱ्याला दोघांनीही.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. हे नेहमीचंच आहे, हलकं चालत राहा. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र संध्याकाळपर्यंत बधिर होतं. तळव्यावर सतत भार पडला की तिथली नस दबते. सायकल चालवताना घालायच्या गादीच्या चड्डीखाली दुसरं काही घालू नका, शिवण काचते. हेही मला त्या दिवशीच कळलं.

तीन आठवड्यांनी त्याच वाटेवर पुन्हा गेलो. या वेळी चौथ्या किलोमीटरपासून जिथे जिथे चढ खडा होता तिथे आधीच उतरून ढकलत गेलो. माथ्यावर २ तास ५ मिनिटांनी पोचलो, म्हणजे १५ मिनिटं उशिरा. पाणी शिल्लक होतं, बोलता येत होतं. सस्पेन्शन उघडलं, सीट खाली घेतली. मुरमाच्या त्या वळणाआधी ब्रेक दाबला, सोडला, नजर वळणाच्या पलीकडे ठेवली आणि चाक जिथे जायला हवं तिथे गेलं. पुढे शेवटच्या दगडी पायऱ्यांना एकदा उतरलो, बाकी सगळी वाट पॅडलवर उभा होतो.