चार फुटांची रेघ आणि गड्ड्यावरचे पाळणे

संक्रांत जवळ आली की सोलापुरात गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहतात आणि लहान मुलांच्या घरी विचारणा सुरू होते: ब्रेक डान्स या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसवलं तर चालेल का? मोठ्या थीम पार्कमध्ये याचं उत्तर रांगेच्या तोंडाशीच, उंचीच्या फळीवर रेघ मारून दिलेलं असतं. गड्ड्यावर प्रत्येक पाळण्यापाशी अशी फळी मिळेलच असं नाही. म्हणून ती रेघ कशावरून ठरते, हे आई-वडिलांनाच ठाऊक हवं.

मूल किती धीट आहे याच्याशी रेघेचा काही संबंध नाही. ती ठरते मुख्यतः सीट आणि बसणाऱ्याला अडवणाऱ्या पुढच्या दांड्याच्या मापावरून. दांडा मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या हाडांना लागून घट्ट बसला तरच माणूस जागेवर राहतो. सीटची खोली मोठ्यांच्या मांडीवर बेतलेली असते. लहान मुलाची पाठ टेकली तर गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते पुढे सरकून बसतं. पाय अधांतरी, दांडा पोटावर किंवा पोटापासून चार बोटं लांब. त्यातून लहानांचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि कमर अरुंद. जोराचा झटका बसला की मूल दांड्याखालून घसरू शकतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दोघा-तिघांत एकच दांडा. तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलापुढे मोकळी जागा उरते. झोक्यासारखी हलणारी कोलंबसची नाव टोकाला पोचून परत फिरते तेव्हा अंग सीटवरून उचलल्यासारखं होतं, आणि नेमकं तेव्हा त्या मुलाला धरणारं काहीच नसतं. "मी घट्ट धरतो की" यात माया आहे, पण ती पुरत नाही. जिथे दुप्पट गुरुत्वाइतका जोर लागतो, तिथे 18 किलोचं मूल 36 किलोसारखं ओढतं, आणि धरणाऱ्याचे हातही तेवढेच जड झालेले असतात. 'पालकासोबत' अशी पाटी असली तरी तिचा अर्थ शेजारच्या सीटवर, मांडीवर नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार मुलग्यांची मध्यम उंची 4 वर्षांना 103, 5 ला 110, 6 ला 116 आणि 7 ला जवळपास 122 सेंमी असते; मुली साधारण एक सेंमीने कमी. म्हणजे 120 ची रेघ असेल तर पहिलीतली बरीच मुलं बाहेर राहणारच. त्यात कमीपणा काही नाही. फुटांत मोजताना मात्र जपा: साडेतीन फूट म्हणजे 106.7 सेंमी आणि चार फूट म्हणजे 121.9.

घरी मोजताना बूट काढा, शेंडी किंवा अंबाडा सोडा. खाली पट्टी नसलेल्या भिंतीला टाचा, कुल्ले, पाठ टेकवा, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून खूण करा आणि स्टीलच्या टेपने मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची थोडी घटते. बुटात कापड कोंबून रेघ गाठून देणारे पालक असतात. हे अजिबात करू नका. मांडीची लांबी त्याने तसूभरही वाढत नाही.

गड्ड्यावर पाळणा सुरू व्हायच्या आधी मुलाची पाठ टेकवून दांडा खाली घ्या. पोट आणि दांडा यांच्यात आडवा तळहात सहज फिरत असेल तर उतरवा. लॉकची पिन बसली का ते दांडा वर ओढून बघा. फक्त साखळी असेल तर ती लहानाला धरत नाही. ब्रेक डान्समध्ये फिरताना सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, तेव्हा मोठ्याने बाहेरच्या कडेला आणि मुलाने आत बसायचं; उलट बसलात तर मूल चेंगरतं. ओढणी, मफलर आधीच काढून ठेवा. आणि दांडा बसत नसेल, तर पाळणेवाला "काही होत नाही, बसवा" म्हणाला तरी तिकीट परत मिळेल का हा विचार न करता खाली उतरा.